पाण्याचा हिशेब ठेवणारा मिस्त्री : माण तालुक्यातल्या एका घरबांधणी सेवेचं परीक्षण

मिक्सरशेजारी रंगाची रिकामी बादली ठेवलेली असते, २० लिटरची. तिच्या अंगाला १४ लिटरच्या पातळीवर तापवलेल्या खिळ्यानं भोक पाडलेलं आहे. बिगाऱ्यानं पिंपातून बादली भरली की भोकाच्या वरचं पाणी आपोआप सांडून जातं. मिक्सरमध्ये अशा मोजून दोन बादल्या पडतात. एका पोत्याला २८ लिटर.

एम-२० या ताकदीच्या काँक्रीटसाठी ५० किलो सिमेंटमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असं भारतीय मानक ४५६ मध्ये दिलेलं आहे, आणि वाळूतला ओलावाही त्या तिसातच धरायचा असतो. ते दोन लिटर ओलाव्यासाठी सोडलेले. रात्री पाऊस पडून वाळू भिजली असेल तर दुसरी बादली चार-पाच लिटरनं आणखी कमी. बिगाऱ्यांना एवढंच सांगून ठेवलेलं असतं: "भोकाच्या वर पाणी जायचं न्हाई." घरबांधणीतल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ या बादलीत असतं. काँक्रीट फावड्यानं ओढायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवलं जातं. ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतून हवा-पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि दहा-बारा वर्षांत स्लॅबच्या खालचे पोपडे पडायला लागतात.

हे परीक्षण सातारा जिल्ह्यातल्या दहिवडी ते म्हसवड पट्ट्यात घरं बांधणाऱ्या एका ठेकेदाराच्या कामाचं आहे. गावात त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात, इथंही तेच म्हणू. पाचशे ते बाराशे चौरस फुटांची, तळमजल्याची किंवा वर एक मजला असलेली घरं, हा त्यांचा व्याप. चालू असलेली कामं आणि लोक राहायला गेलेली घरं, दोन्ही पाहून हे लिहिलं आहे. दुष्काळी मुलखात घर बांधणाऱ्याची पारख पाण्यावरूनच करावी, असं आमचं ठाम मत आहे: तो पाणी कुठं मोजतो, कुठं साठवतो, कुठून बाहेर काढतो.

सेवा दोन प्रकारची. 'लेबर रेट'मध्ये सिमेंट, लोखंड, वाळू, खडी, विटा घरमालकानं आणायच्या. गवंडी, बिगारी, फिटर, सेंटरिंग, मिक्सर आणि काँक्रीट घट्ट बसवणारे वायब्रेटर मिस्त्रींचे. 'विथ मटेरियल'मध्ये सगळंच त्यांच्याकडे. आमचा कौल लेबर रेटला. अंगावर घेतलेल्या कामात मालाचे भाव मध्येच वाढले तर ताण सिमेंटवर येतो, मग ठेकेदार कितीही चांगला असो. घरमालकाच्या समोर पोती मोजली गेली की दोघांच्याही मनात काही राहत नाही. दर आसपासच्यांपेक्षा चौरस फुटाला पंधरा-वीस रुपयांनी जास्त आहे. ८०० चौरस फुटांच्या घराला म्हणजे १२ ते १६ हजारांचा फरक. पुढे जे सांगितलं आहे ते पाहता तो द्यावा.

पायाच्या बाबतीत मिस्त्री घाई करत नाहीत. आखणीआधी जागेच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघतात. माणमध्ये बऱ्याच ठिकाणी हातभर खणलं की मुरूम लागतो, पण ओढ्याकाठच्या जागांत चार-पाच फूट काळी माती असते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेलं घर दरवर्षी वर-खाली होत राहतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी चीर बहुतेक वेळा याचीच असते. म्हणून फुटिंग, म्हणजे कॉलमाचा पाया, कडक मुरमावरच, मग खोली चार फूट लागो की सहा. तळाला १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाचं चार इंच काँक्रीट, त्यावर सळयांची जाळी, आणि जाळीखाली ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक. जाळीखाली खडीचे तुकडे सरकवायची गावाकडची पद्धत त्यांनी सोडली आहे. तुकडा घसरतो, जाळी मातीला टेकते आणि गंज तिथून चढतो.

जोत्यातल्या भरावाकडे घरमालकाचं लक्ष नसतं, आणि फसवणूक बहुतेक तिथंच होते. पायातून निघालेली काळी माती बाहेर नेऊन टाकायला ट्रॅक्टरचं भाडं पडतं, म्हणून तीच जोत्यात ढकलली जाते. दोन पावसाळ्यांनी फरशी बसते, टाइल ठोकली तर पोकळ वाजते. मिस्त्री मुरूम भरतात, सहा-सहा इंचांचे थर देऊन, प्रत्येक थराला पाणी मारून आणि धुम्मस करून. त्यावर नऊ इंच दगडी सोलिंग. धुम्मस चालू असताना घरमालकानं एकदा हजर राहावं. लोखंडी पहार थरात जोरानं मारली तर चार बोटांपेक्षा जास्त जाऊ नये.

आखणी पाहण्यासारखी असते. गुण्या लावून काटकोन धरण्यापेक्षा ६-८-१० फुटांची दोरी लावतात आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजतात. ते सारखे आले की मगच खुंट्या पक्क्या. जोत्याची पातळी लेव्हल पाइपनं काढतात: पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही तोंडं उघडी. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून आधी नळी उभी धरून बोटानं टिचक्या मारत सगळी हवा काढायची. हे काम ते दुसऱ्या कोणावर सोपवत नाहीत. ही नळी पुढे पुन्हा येणार आहे.

लोखंडाचं वजन करून घेतात ही मोठी जमेची बाजू. सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते मिळतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई १०.६६ किलो भरायला हवी. या मापाला पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो. साडेनऊ किलो भरली तर ती परत पाठवावी. दुकानदार नगावर देत असेल तर हा हिशेब करायलाच हवा. कॉलमच्या रिंगा टोकांकडे चार इंचांवर, मधे सहा इंचांवर. रिंगेचं टोक १३५ अंशात वाकवून तीन इंच आत घेतलेलं असतं. बाकी ठिकाणी सर्रास काटकोनात वाकवलेली रिंग दिसते. ती वाकवायला सोपी, पण हादरा बसला की उघडते आणि आतल्या सळया बाहेर फुगतात. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप ज्या जिल्ह्यानं सोसला तिथं ही तीन इंचांची वळी मागून घ्यायलाच हवी.

एक उणीव मात्र इथंच आहे. वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळयांचा जोड ते स्लॅबच्या लगेच वर घेतात. भूकंपात कॉलमवर सगळ्यात जास्त ताण येतो तो नेमका तिथं. जोड कॉलमच्या मधल्या भागात हवा आणि १२ मिलिमीटरच्या सळईला दोन फुटांचा हवा. त्यासाठी खालून जास्त लांब सळई सोडावी लागते, ती हलते, फिटरला अडचण होते, म्हणून कोणी करत नाही. सांगितलं तर करून देतात, पण सांगावं लागतं.

स्लॅबचा दिवस. ८०० चौरस फूट, पाच इंच जाड स्लॅब धरला तर तुळया सोडून काँक्रीट होतं ३३३ घनफूट, म्हणजे साडेनऊ घनमीटरच्या आसपास. १ः१.५ः३ प्रमाणाला सुमारे ७५ पोती सिमेंट, दीड ब्रासला (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडी कमी वाळू आणि पावणेतीन ब्रास खडी. तुळयांचं वेगळं. हा हिशेब आधीच वहीत मांडून ठेवावा, कारण स्लॅब संपल्यावर १५ पोती उरली तर ती बचत नाही, ती स्लॅबमधून गेलेली आहेत. वाळू-खडी घमेल्यानं मोजली तर सकाळचं घमेलं आणि दुपारचं घमेलं सारखं नसतं. मिस्त्री फर्मा वापरतात: १२ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच, म्हणजे सव्वा घनफूट, बरोबर एका पोत्याचं आकारमान. पोत्यामागे दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. काम पाच-सात टक्क्यांनी हळू होतं, पण पहिला घाणा आणि शेवटचा घाणा एकसारखा निघतो.

वायब्रेटर दोन ठेवतात, एक चालू, एक राखीव. वीज जाते आणि वायब्रेटरची सुई अडकते, या दोन्ही गोष्टी स्लॅबच्याच दिवशी घडतात. सुई एका जागी दहा-पंधरा सेकंद, मग हळूहळू वर. सळईला टेकवून धरायची नाही. सेंटरिंगच्या लोखंडी प्लेटांच्या फटी चिकटपट्टीनं बंद करतात, नाहीतर सिमेंटचं दूध खाली गळतं आणि स्लॅबच्या पोटाला खडी उघडी पडते. चालण्यासाठी सळयांवर फळ्या टाकलेल्या असतात. हे बारीक वाटतं, पण वरच्या सळया पायाखाली दबल्या तर छज्जा आणि बाल्कनी कमकुवत होते, कारण तिथं ताण वरच्याच बाजूला असतो. छज्ज्याची सळई खाली दबलेली असेल तर सेंटरिंग काढताना छज्जा माणसासकट खाली येऊ शकतो. म्हणून वरच्या सळया उचलून धरणाऱ्या चेअर जागच्या जागी आहेत का, हे काँक्रीट पडण्याआधी पाहावं.

स्लॅबखालचे टेकू काढण्याबाबत ते कोणाचं ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये. साध्या पोर्टलँड सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, तुळईला ६ मीटरपर्यंत १४ दिवस, असं मानक सांगतं. आज दुकानात मिळणारं सिमेंट बहुतेक राख मिसळलेलं पीपीसी असतं आणि ते सावकाश घट्ट होतं. मिस्त्री स्लॅबला १४ आणि तुळईला २१ दिवस ठेवतात. प्लेटांचं भाडं वाढतं म्हणून घरमालक कुरकुरतात. पण भाडं मिस्त्रींच्याच खिशातून जात असल्यानं ही कुरकुर खरं तर मिस्त्रींनी करायला हवी होती.

आता क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं. माणमध्ये हा सगळ्यात अवघड भाग. स्लॅबवर गाऱ्याचे वाफे बांधून दोन इंच पाणी धरायचं म्हटलं तर ८०० चौरस फुटांना एका भरण्याला सुमारे ३,८०० लिटर लागतात. उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर पाणी उडून जातं, म्हणजे दररोज आणखी सातशे-साडेसातशे लिटर. पीपीसीला किमान १० दिवस आणि शक्य असेल तर १४ दिवस ओल हवी. १४ दिवसांत १३-१४ हजार लिटर नुसत्या स्लॅबला. पाच हजार लिटरच्या टँकरनं ते आणायचं तर जवळजवळ तीन टँकर. हे आधी कोणी सांगत नाही. मग चौथ्या दिवशी पाणी संपतं, स्लॅब उन्हात तापतो आणि वर केसासारख्या चिरा येतात.

यावर त्यांचे तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे स्लॅब कार्तिक-मार्गशीर्षात टाकायचा, चैत्र-वैशाखात नाही. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करायची म्हणून मार्चअखेरीस स्लॅब ढकलणाऱ्यांना ते सरळ पुढची तारीख देतात. दुसरा उपाय, वाफ्यात दोन इंचांऐवजी एक इंचच पाणी, पण रोज सकाळ-संध्याकाळ बघून भरलेलं. काँक्रीट ओलं राहणं महत्त्वाचं, पाणी किती खोल आहे हे नाही. तिसरा उपाय कॉलमांसाठी: ओलं गोणपाट गुंडाळून वरून प्लॅस्टिकचा कागद, सुतळीनं आवळलेला. उघड्या गोणपाटावर दिवसातून सहा वेळा पाणी मारावं लागतं, कागद असला की दोनदा पुरतं. कॉलमचं क्युरिंग गावाकडं जवळपास कोणीच नीट करत नाही. उभ्या कॉलमवर पाणी मारलं तर पाच मिनिटांत खाली वाहून जातं, आणि घर तर कॉलमांवरच उभं असतं.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. या भागातल्या काही बोअरचं पाणी मचूळ आहे. सळई असलेल्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको आणि सामू ६ च्या खाली नको. मिस्त्री पाणी चाखून बघतात आणि खारट लागलं तर नाही म्हणतात. एवढ्यावर थांबू नये. एक बाटली पाणी तपासून घ्यावं. त्याचा खर्च एका टँकरपेक्षा कमी असतो.

वीटकाम आणि गिलावा चांगला, पण डोळ्यात भरेल असा नाही. विटा भिजवून लावतात, दिवसाला चार-साडेचार फुटांपेक्षा उंच भिंत चढवत नाहीत, चार इंची भिंतीत दर तीन फुटांवर काँक्रीटची पाटली देतात. कॉलम आणि वीट जिथं मिळतात तिथं गिलाव्याआधी कोंबडीजाळी मारतात. ती नसली तर वर्षभरात तिथं सरळ उभी चीर ठरलेली. कोपरे आणि खिडक्यांच्या कडा मात्र शहरातल्या कारागिरांइतक्या धारदार निघत नाहीत. ज्यांना भिंतीला आरशासारखी सफाई हवी आहे त्यांनी पुट्टीवाला वेगळा लावावा.

गच्चीच्या उतारात चूक सापडली नाही. दहा फुटांना सव्वा इंच उतार, विटांच्या तुकड्यांचा कोबा, कठड्याच्या कडेनं गोलाईदार वाटा, आणि पाणी जायला चार इंची पाइप. एकच पाइप देत नाहीत, दोन देतात. एक पानांनी तुंबला तर गच्चीचं तळं होऊ नये म्हणून. छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर रुंद खाच असते, त्यामुळे पावसाचं पाणी भिंतीकडे न वळता तिथंच गळून पडतं. बाथरूमचा खळगा फरशीआधी ४८ तास पाण्यानं भरून ठेवतात आणि खाली हात लावून बघतात. गच्चीवरचं पाणी खाली आणून टाकीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायची पाइपलाइन मागितली तर मजुरी न घेता जोडून देतात. या मुलखात हे प्रत्येक घराला असायला हवं.

आता तक्रारी. मिस्त्री एका वेळी तीन-चार साइटी धरतात. सहा महिन्यांचं काम आठ महिन्यांवर जातं, आणि ते बहुतेक गिलाव्याच्या टप्प्यावर अडकतं, कारण स्लॅबनंतर गवंडी दुसरीकडे हलवले जातात. वायरिंगवाला आणि प्लंबर यांच्याशी ताळमेळ कमी पडतो. झालेला गिलावा पुन्हा फोडून पाइप बसवल्याची घरं पाहिली आहेत. स्लॅब टाकण्याआधी विजेचे पाइप आणि पंख्याचे डबे कुठं येणार, हे घरमालकानंच कागदावर काढून द्यावं. काँक्रीटचे ठोकळे तपासायला ते स्वतःहून भरत नाहीत. १५ सेंटिमीटरचे सहा ठोकळे भरून तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत फोडून घ्यावेत. बादली, फर्मा सगळं नीट असताना ही एक पायरी का सोडावी? मजुरांच्या डोक्यावर हेल्मेट नसतं आणि स्लॅबच्या कडेला दोरीसुद्धा नसते. हे बदललंच पाहिजे. मजुरांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे: पगार बाजारच्या दिवशी सकाळी होतो, आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला लागणारा वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ते न मागता देतात. तो दाखला द्यायला टाळाटाळ करणारे ठेकेदार पुष्कळ आहेत, आणि त्याच्याशिवाय मजुराच्या मुलांची शिष्यवृत्ती अडते.

एप्रिल-मे मध्ये काम घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरून चालावं. त्या दिवसांत मिस्त्री आणि त्यांची निम्मी माणसं पहाटे माळावर असतात, साइटवर नऊनंतर येतात. पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा २०१६ मध्ये कोरेगाव, वरूड आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. कोरेगावच्या वेळू गावानं ती पहिल्या वर्षी जिंकली, आणि त्यानंतर या सगळ्या पट्ट्यात उन्हाळी श्रमदानाची सवय लागली. स्पर्धा २०१९ नंतर थांबली, पण बऱ्याच गावांत चर खणणं चालूच आहे. मिस्त्रींचं काम तिथं आखणीचं असतं.

सलग समतल चर म्हणजे डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवरून जाणारी नाली. ती तसूभरही एका बाजूला कलली तर पाणी थांबत नाही, खालच्या टोकाला धावतं, तिथला बांध फोडतं आणि वर्षाची मेहनत मातीसकट ओढ्यात जाते. म्हणून समान उंचीची रेषा अचूक हवी. ती काढायचं साधन म्हणजे दोन खुणांच्या काठ्या आणि मधे पाण्याची पारदर्शक नळी. जोत्याची पातळी काढणारी हीच ती नळी. दोन्ही काठ्यांवर पाणी एका खुणेला आलं की फक्कीनं ठिपका, मग पुढची काठी. दुपारच्या उन्हात नळी तापली की पाण्यात बुडबुडे धरतात, म्हणून आखणी सकाळी आठच्या आत. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चरात मीटरमागे १८० लिटर पाणी राहतं. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, चराच्या काठापासून फूटभर जागा सोडून, नाहीतर पहिल्याच सरीत ती परत चरात येते. स्लॅबच्या एका भरण्याला लागणारे ३,८०० लिटर म्हणजे असा २१ मीटर चर एकदा भरण्याएवढं पाणी. मिस्त्री हे गणित घरमालकाला सांगतात आणि घरटी एका माणसानं दोन सकाळी श्रमदानाला यावं, असं म्हणतात. सक्ती नाही. बहुतेक जण येतात.

घरकुलवाल्यांसाठी त्यांची मदत फुकट असते आणि ती फार मोलाची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर क्षेत्र, आणि पैसे टप्प्याटप्प्यानं, त्या त्या टप्प्याचा फोटो चढवल्यावर. लोक पहिला हप्ता आला की हौसेनं चारशे-साडेचारशे फुटांचा पाया घालतात. पैसा जोत्यातच संपतो आणि घर खिडकीच्या उंचीला अडतं. अशी अडकलेली घरं प्रत्येक गावात दिसतील. मिस्त्री आखणी २५ चौरस मीटरचीच करून देतात, पण पुढच्या खोलीसाठी कोपऱ्याच्या दोन कॉलमांतून सळया सोडून ठेवतात आणि त्यांच्या टोकांना सिमेंटचं दूध फासतात. संसार वाढला की घर वाढतं.

शौचालय दोन खड्ड्यांचं बांधा, हा त्यांचा आग्रह आहे. पाच-सहा माणसांच्या घराला मीटरभर व्यासाचे आणि मीटरभर खोल दोन खड्डे, मधे मीटरभर अंतर. विटा जाळीसारख्या, फटी सोडून रचायच्या, आणि तळाला काँक्रीट अजिबात करायचं नाही. पक्कं काम म्हणून तळ बंद केला की तो खड्डा नुसती टाकी होतो आणि सहा महिन्यांत तुंबतो. एका वेळी एकच खड्डा चालू, दुसऱ्याचं तोंड चेंबरमध्ये विटेनं बंद. पहिला भरला की वीट हलवायची आणि भरलेला खड्डा दीड वर्ष तसाच ठेवायचा. मग आत निघतं ते कोरडं खत. काळ्या मातीत पाणी झिरपत नाही, तिथं खड्डा मोठा घ्यावा आणि भोवती वाळूचा थर द्यावा. विहीर किंवा आड पंधरा मीटरच्या आत नको.

जुन्या माळवदांकडे, म्हणजे मातीच्या सपाट छपरांकडे, ते विशेष लक्ष देतात. गळती थांबवायला दरवर्षी वर पांढरी माती टाकत गेल्यानं माळवदाचं ओझं वाढत जातं, आणि खालची भिंत मातीत रचलेल्या गोल दगडांची. किल्लारीच्या भूकंपात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अशाच घरांनी हजारो माणसं गाडली. श्रावणाआधी मिस्त्री वस्तीवरल्या म्हाताऱ्या माणसांची माळवदं बघून येतात, जास्तीची माती खाली उतरवतात, वाकलेल्या तुळईला टेकू देतात. भिंतीचं पोट बाहेर आलेलं दिसलं तर तिथं झोपू नका, असं घरच्यांना स्पष्ट सांगतात.

ज्यांना हे काम द्यायचं आहे त्यांनी दसऱ्याच्या आधी भेटावं, दिवाळीनंतर तारखा उरत नाहीत. करार पाचशेच्या स्टँपवर लेखीच करावा. मिस्त्री शब्दाला पक्के आहेत, तरी ओटा, जिना, पाण्याची टाकी आणि कंपाउंड दरात आहेत की नाहीत यावरून वाद होतात, म्हणून ही चार नावं कागदावर हवीत. पैसे असे वाटावेत: कराराला १० टक्के, जोतं झाल्यावर २०, स्लॅबला ३०, वीटकामाला १५, गिलाव्याला १५ आणि शेवटी १०. त्या शेवटच्या दहातले पाच पहिल्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायला ते स्वतःच सांगतात. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन येतात, गच्चीवर पाणी कुठं साचलं आहे तिथं खडूनं गोल काढतात, पाइपाच्या तोंडातला पालापाचोळा हातानं काढतात, मग खाली येऊन प्रत्येक खोलीच्या छताचे कोपरे टॉर्चनं बघतात. कुठं ओल नसेल तर राखलेले पाच टक्के त्याच दिवशी त्यांच्या हातात द्यावेत.